उरणकडची हळद, नवा लॅपटॉप आणि 144चा आकडा

रात्री आठ पन्नासला मी सिंकचं, म्हणजे दोन गाण्यांचे वेग आपोआप जुळवायचं, बटण दाबलं आणि पुढच्या दहा सेकंदांत मांडवातली शे-दीडशे माणसं नाचायची थांबली. लाइट गेली नव्हती, केबल निघाली नव्हती, स्पीकर बंद पडला नव्हता. दोन्ही गाणी मोठ्याने आणि स्वच्छ वाजत होती. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्ही डेकच्या, म्हणजे दोन्ही गाण्यांच्या, ठोक्यांच्या रेघा एकाखाली एक बरोबर बसल्या होत्या. तरी पाय उचलत नव्हते.

त्या रात्री नेमकं काय झालं, ते मी रविवारी वही घेऊन बसून उलगडलं. हळदी-साखरपुड्यात लॅपटॉपवर वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव या ना त्या रूपात येतो, म्हणून सगळं लिहून काढतोय.

गाव उरण तालुक्यातलं, घर आगरी. आमच्या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी. धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणते, विधी उरकतात, बायका-पोरं जेवून घेतात आणि मग मांडव डीजेच्या ताब्यात येतो. ताबा तसा अल्पकाळचाच. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांना जातात, कुणाच्या हळदीला नाही. म्हणजे आमच्या हातात आठ ते दहा, दोन तास. त्यात वीस मिनिटं बिघडली तर ती परत मिळत नाहीत.

सेटअप साधा होता. दोन डेकचा कंट्रोलर, साउंड कार्ड त्याच्याच पोटात, वीज लॅपटॉपच्या यूएसबीवरून. कंट्रोलरमधून आवाज साउंडवाल्या दादांच्या मिक्सरला, तिथून अँपला, पुढे चार टॉप (वरचे स्पीकर) आणि चार बेस. दादा या धंद्यात माझ्या आधीपासून आहेत. मला अरे-तुरे करतात आणि माझ्या लॅपटॉपकडे अजूनही जरा संशयानेच बघतात.

लॅपटॉप तीन दिवसांचा होता. जुन्याची बिजागरी तुटली होती, पंखा कोंबडीसारखा ओरडायचा. एक्सचेंजमध्ये तो देऊन टाकला आणि नवा आणला. गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतीच. सॉफ्टवेअर टाकलं, सहा हजार गाण्यांचं फोल्डर त्यात ओढलं, रात्रभर अ‍ॅनालिसिसला लावलं आणि झोपलो. सकाळी प्रत्येक गाण्यापुढे बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्याचा, आकडा हजर. गोष्ट तिथेच संपली असं मला वाटलं होतं, आणि माझी चूक नेमकी तिथली होती.

मांडवात

आठ पन्नासच्या आधीचा अर्धा तास छान गेला होता. हलगीवर बांधलेले रिमिक्स, सगळे चार-चारच्या ठोक्याचे, 100 बीपीएमच्या आसपास. पोरं गरम झाली होती. आता बायका उठतील असं गाणं हवं होतं, म्हणजे कोळीगीत. जुनं, माणसांनी वाजवलेलं, ढोलकी आणि बेंजोचं. ते दुसऱ्या डेकवर चढवलं, क्यू, म्हणजे गाणं सुरू करायची खूण, सुरुवातीच्या ढोलकीवर ठेवला, हेडफोनवर अर्धा सेकंद ऐकलं. खरं तर ऐकलंच नाही म्हणा, कारण तेव्हाच नवरदेवाचे मामा कानाशी येऊन काहीतरी फर्माइश सांगत होते. सिंक दाबलं, आवाजाचा फेडर वर केला.

गाणं पळत सुटलं. सूर बदलला नव्हता, कारण वेग बदलला तरी सूर धरून ठेवणारं कीलॉक चालू होतं. पण ढोलकीची थाप चिंधी झाल्यासारखी फाटत होती आणि गाणारी बाई जणू बस चुकायच्या आत ओळ संपवायच्या घाईत होती. खालून पहिल्या डेकचा किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, आपल्या चालीने धप-धप चालूच.

हाताला सवय असते. मी जॉग व्हील (डेकवरचं गोल चाक) ढकलायला लागलो, गाणं थोडं पुढे, थोडं मागे. त्याने काही होणार नव्हतं. जॉगने गाणं सरकतं, त्याचा वेग बदलत नाही. यात पाच-सहा सेकंद गेले आणि स्टेजवर पाच-सहा सेकंद फार असतात. मग सिंक बंद केलं. वेग तरीही तसाच राहिला, कारण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये सिंक सोडलं तरी त्याने लावलेला वेग तिथेच थांबतो. टेम्पोचा फेडर हलवला तर काहीच हाललं नाही. तो हाताने जिथे होता आणि सॉफ्टवेअरच्या मते जिथे होता, त्या दोन जागा वेगळ्या. ती दुसरी जागा ओलांडेपर्यंत फेडर मेला असल्यासारखा वागतो. वेगाने एकदम उडी मारू नये म्हणून ही सोय केलेली आहे, पण अशा वेळी ती शत्रू वाटते.

समोर हळदीने पिवळी झालेली एक काकू कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, “आरं पोरा, गाना पलतंय तुझा!”

मी पहिला डेक इकोवर टाकून विझवला, दुसऱ्याचा वेग रीसेट केला. कोळीगीत आपल्या मूळ चालीवर आलं. सगळा गोंधळ मोजला तर वीस-बावीस सेकंदांचा. पण नाचणारी माणसं एकदा खुर्चीत बसली की त्यांना उठवायला अर्धं गाणं जातं, आणि तसंच झालं.

पुढचा अर्धा तास सिंकला हात लावला नाही. हेडफोन कानाला, वेग हाताने. सुरुवात मी दोन सीडी डेकवर केली होती, तेव्हा सिंक नावाचं बटणच नव्हतं, त्यामुळे जमून गेलं. पण मनात एकच: नवा लॅपटॉप गंडलाय.

हम गेली कुठे?

नऊ पंचविसला दुसरं संकट. टॉपमधून कडकड, बारीक, चरचरीत, कढईत मोहरी तडतडावी तशी. थोडा वेळ थांबायची, दोन्ही डेक एकदम वाजायला लागले की परत यायची. मी यूएसबीची केबल दाबून पाहिली, दुसऱ्या पोर्टला लावावी का विचार केला आणि सोडून दिला, कारण केबल काढली की आवाजच बंद.

नेमके तेव्हाच मामांनी माइक घेतला. आलेल्या पाहुण्यांचे आभार. एरवी असं भाषण म्हणजे डीजेला शिक्षा, त्या दिवशी मात्र जीव भांड्यात पडला. गाणं खाली घेतलं. दादांनी मिक्सरवर माझं चॅनल हेडफोनवर ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, “संध्याकाळपासून तुझ्या लाइनवर हम होती ना रे? ती गेली कुठं?”

हम होती खरी. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर आणि मिक्सर जनरेटरवर असला की दोन वेगळ्या अर्थिंगमधून ती बारीक घर्रर्र बऱ्याचदा येते. साउंड चेकला दादांनी ती ऐकली होती, मी “गाण्याखाली दबेल” म्हणून सोडून दिली होती. आता ती नव्हती. दादांनी माझ्याकडे न बघता माझ्या पोरग्याला सांगितलं, “चार्जरचा लाल दिवा लागलाय का बघ.”

लागला नव्हता. डेकोरेशनवाल्याच्या बोर्डावर हॅलोजनचा भार पडून एमसीबी खाली आला होता. लॅपटॉप बॅटरीवर, आणि नवा असल्यामुळे त्याची सेटिंग कंपनीतून आलेली तशीच. वीज गेली की पडद्याचा उजेड कमी, प्रोसेसरचा वेग कमी. उजेड कमी झालेला मला दिसायला हवा होता, पण मांडवात इतक्या लायटी फिरत होत्या की लक्षातच आलं नाही.

त्यावर माझा स्वतःचा अतिशहाणपणा. नवीन मशीन आहे, झेपेल, म्हणून ऑडिओचा बफर मी 128 सॅम्पलवर ठेवला होता. बफर म्हणजे सॉफ्टवेअर पुढचा आवाज तयार करून साउंड कार्डाच्या हातात देतं तो घास. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दराने 128 सॅम्पल म्हणजे तीन मिलिसेकंदांहूनही कमी. एवढ्या वेळात दोन गाण्यांचं टाइम-स्ट्रेचिंग (सूर तोच ठेवून वेग बदलणं), इफेक्ट, लिमिटर सगळं करून पुढचा घास तयार हवा. प्रोसेसर ताजा असताना जमतं, अर्ध्या वेगावर नाही. घास वेळेवर आला नाही की तेवढी जागा रिकामी राहते आणि ती आपल्याला ‘कड’ अशी ऐकू येते.

बटण दाबल्यावर आवाज लगेच यावा म्हणून बफर लहान ठेवायचा, हे तत्त्व म्हणून ठीक. स्क्रॅच करणाऱ्याला ते कळतंही. पण 512 सॅम्पल म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एवढ्या वेळात चार मीटर. टॉपपासून चार मीटर जास्त मागे उभ्या असलेल्या माणसाला जेवढा उशीर होतो तेवढाच. हळदीत हा फरक कुणाच्या बापाला कळणार नाही.

पोरग्याने चार्जर जनरेटरच्या बोर्डाला लावला. मामा “आणि विशेष करून” म्हणाले तेव्हा मी बफर 512 केला. तो बदलताना ऑडिओ क्षणभर पूर्ण थांबतो, म्हणून भाषण चालू असताना केला. कडकड गेली. हमही परत आली नाही, कारण आता चार्जर आणि मिक्सर एकाच जागेवरून वीज घेत होते. दहाला पाच कमी असताना शेवटचं गाणं लावलं आणि दहाच्या ठोक्याला दादांनी अँप बंद केले.

वहीतला आकडा

कडकडीचं कारण रात्रीच कळलं. पळणाऱ्या गाण्याचं रविवारी.

सीडीच्या काळात मी शंभर पानी वहीत गाण्यांचे बीपीएम लिहून ठेवायचो. घड्याळ लावून मिनिटाचे ठोके मोजायचे आणि आकडा टाकायचा. ती वही काढली. त्या कोळीगीतापुढे निळ्या शाईत 96. नव्या लॅपटॉपवर त्याच गाण्यापुढे 144.

144 हा 96चा बरोबर दीडपट. इथे डोक्यात प्रकाश पडला.

कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा असतो, तीन-तीनच्या दोन गटांत, दादऱ्यासारखा. पाय पडतो तो पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. मिनिटाला 96 पावलं, प्रत्येक पावलात तीन मात्रा, एकूण 288. पण त्याच सहा मात्रांमध्ये खुळखुळा किंवा ढोलकीची किनार दोन-दोनचे तीन गट करूनही वाजत असते. गाण्याला झुलवा येतो तो त्यामुळेच. सॉफ्टवेअरने ते दोन-दोनचे गट पकडले: 288 भागिले दोन, 144. गणित म्हणून ते चुकलेलं नाही, फक्त त्या आकड्यावर कुणी नाचत नाही.

पुढचं मांडवातलं चित्र आता जुळतं. चालू गाणं 100वर. सिंकने 144ला 100शी किंवा त्याच्या दुपटीशी जुळवायचं ठरवलं आणि त्याच्या पटीच्या हिशोबाने 200 जवळ होतं. म्हणून गाणं जवळजवळ 39 टक्के वाढवलं. पडद्यावर रेघा जुळल्या, कारण एका किकमध्ये दोन रेघा बरोबर बसत होत्या. पण नाचणाऱ्यांचं खरं पाऊल 96वरून 133वर गेलं. खालच्या किकचे तीन ठोके होईपर्यंत वरच्या ढोलकीची चार पावलं. दर 1.8 सेकंदांनी दोघं एकदा भेटायचे आणि परत फाटायचे. तबलजी याला लयकारी म्हणेल आणि खूशही होईल. हळदीत माणसाला दोनच पाय असतात.

मग जुन्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं हे का झालं नाही? कारण तिथे मी ही गाणी एकेक करून हाताने सुधारली होती. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी, दुपारी, दोन-दोन गाणी. इतक्या सवयीने की सुधारली होती हेच विसरलो. गाण्याच्या फाइली हार्ड डिस्कवर होत्या, पण बीटग्रिड (ठोक्यांच्या रेघांची जाळी) आणि क्यू पॉइंट कुठे राहतात ते सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं. सेराटोसारखं सॉफ्टवेअर ही माहिती गाण्याच्या फाइलमध्येच टॅग म्हणून लिहितं, फाइल हलवली की माहितीही सोबत जाते. काही सॉफ्टवेअरं ती वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवतात, शेवटी तीन एक्स लिहितात ते फुकट आणि ओपन सोर्स ‘मिक्स’ त्यातलंच. माझंही दुसऱ्या जातीचं. तो डेटाबेस जुन्या लॅपटॉपबरोबर एक्सचेंजमध्ये गेला. गाणी माझ्याकडे राहिली, त्यांच्यावर केलेली मेहनत दुकानदाराकडे.

सिंकला शिव्या देणारे खूप आहेत, मी त्यातला नाही. शिकागोचं हाउस, डेट्रॉइटचं टेक्नो हे संगीत 1980च्या दशकात ड्रम मशीनवर उभं राहिलं. रोलंडचं टीआर-909 हे 1983 सालचं यंत्र एकदा 125वर लावलं की गाणं संपेपर्यंत 125च. चारचा ठोका, न हलणारा वेग. बीपीएम शोधणारी सॉफ्टवेअरं मुळात अशा गाण्यांना समोर ठेवून बनली. तिथे सिंक प्रामाणिक आहे आणि ते वापरून हात मोकळे ठेवणाऱ्याला कमी लेखायचं काही कारण नाही. तिथे जे सरळ आहे ते खुळखुळ्याला आणि बेंजोला लागू होईल असं मी गृहीत धरलं, दोष तेवढाच.

त्या रविवारी आणि पुढच्या तीन संध्याकाळी मी कोळीगीतांचं फोल्डर घेऊन बसलो. 143 गाणी. 88 गाण्यांचा बीपीएम दीडपट लागला होता, 21चा पाऊणपट (96च्या जागी 72), 34 बरोबर. दीडपटवाल्यांना दोन तृतीयांशाने गुणायचं, पाऊणपटवाल्यांना चार तृतीयांशाने. काही सॉफ्टवेअरमध्ये हे अपूर्णांक मेनूमध्ये तयार असतात, माझ्याकडे नव्हते. ठोक्यावर दाबत गेलं की बीपीएम मोजणारं टॅपचं बटण होतं. पाय आपटत टॅप केलं आणि वहीशी ताडून पाहिलं. आकडा बरोबर आला तरी ग्रिडची पहिली रेघ समेवर आहे का, हे कानाने बघावंच लागतं. नाहीतर पाऊल पडायचं तिथे मधली मात्रा येते आणि गाणं लंगडतं.

हे केल्यावर तोच मिक्स घरी परत करून पाहिला. 96वरून 100, फक्त चार टक्के. कीलॉक बंद ठेवलं तरी सूर अर्ध्या स्वराच्या आतच सरकतो, त्यासाठी सहा टक्के लागतात. किक आणि पाऊल एकत्र पडले. फक्त रिमिक्समधला हाय-हॅट (ड्रमची झांज) सरळ दोनांत आणि ढोलकी तीनांत, ते कानाला खुपत होतं. रिमिक्सची वरची पट्टी इक्यूवर पूर्ण खाली घेतली, नुसता किक राहू दिला, आणि ढोलकी त्यावर अशी बसली जणू स्टुडिओत एकत्रच वाजवली होती.

लॅपटॉपची व्यवस्था पटकन उरकली: वीज गेली तरी पूर्ण वेग, कार्यक्रमात वाय-फाय बंद, बफर 512, चार्जर नेहमी दादांच्याच बोर्डावर. डेटाबेसची प्रत दर सोमवारी पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायचा नाही, कारण जाते तेव्हा बॅगच जाते.

त्या 143 मधलीच 11 गाणी मात्र वेगळी निघाली. ती माणसांनी सलग वाजवलेली, क्लिक ट्रॅकशिवाय, म्हणजे कानात टिकटिक ठोका न लावता. सुरुवातीला 94, कडव्यात रंगात येऊन 97, शेवटी 99 किंवा 100. त्यांना एकच आकडा लागत नाही. बदलत्या वेगाची ग्रिड काही सॉफ्टवेअर लावू देतात. मी दोन गाण्यांवर पाऊण तास घालवून पाहिला, पण सिंक लावलं की समोरचं दुसरं गाणंही त्यांच्याबरोबर डुलायला लागतं, आणि ते मशीनवर केलेलं असलं तर दारू प्यायल्यासारखं वाटतं. म्हणून त्या 11ची ग्रिड काढून टाकली. त्यांच्या आधी चालू गाण्याचा शेवटचा तुकडा लूपवर धरायचा, हेडफोनवर ढोलकी ऐकायची आणि समेवर सोडायचं. बीपीएमचा रकाना रिकामा आहे. शेजारच्या कॉमेंटच्या रकान्यात मी ‘हात’ एवढंच लिहिलंय, म्हणजे पोरगा डेकवर असला तरी तो सिंककडे जाणार नाही.